आमच्या चर्चमधली स्पॅनिश मंडळी अजून पाहुणीच का?

नगरची_लेक

सगळ्यांना नमस्कार. पोस्ट लांबणार आहे, पण या विषयावर मराठीत मन मोकळं करायला मला दुसरी जागा नाही.

मी मूळची नगरची. एकोणीस वर्षं झाली, दक्षिण टेक्सासात राहते. इथल्या एका मेथडिस्ट (प्रॉटेस्टंटांतला एक पंथ) मंडळीची सभासद आहे आणि तीन वर्षांपासून इमारतीचं बघणाऱ्या विश्वस्त समितीवर आहे. आमच्या इमारतीत दोन मंडळ्या भरतात. सकाळी अकराला इंग्रजी, दुपारी दीडला स्पॅनिश. पाळक दोन, हिशेबाच्या वह्या दोन, देऊळ एक.

गेल्या ऑगस्टात एका रविवारी मी चष्मा विसरले म्हणून दोनच्या सुमारास परत गेले. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी धग आली. साठेक माणसं बसलेली. बायका उपासनेच्या पत्रकांनी वारा घेत होत्या. मागच्या बाकावर एका आजींनी ओला रुमाल मानेवर ठेवला होता आणि शेजारची मुलगी दर पाच मिनिटांनी तो भिजवून आणत होती. भिंतीवर एसीचं बटण आहे, त्यावर प्लास्टिकचं कुलूपबंद झाकण. वेळ लावून ठेवलेली: रविवारी साडेबाराला बंद. वीजबिल वाचवायला आमच्याच समितीने ठरवलेली वेळ ती. ठरावाच्या कागदावर माझी सही आहे.

मी त्यांच्या पाळकबाईंना विचारलं, तुम्ही कुणाला सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "एर्माना (ताई), सांगायचं कुणाला? तुमच्या समितीत आमचं कुणीच नाही." ती मंडळी अकरा वर्षं त्या इमारतीत आहे. आम्ही आमच्या वार्षिक अहवालात दरवर्षी अभिमानाने लिहितो की आम्ही हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्यांमधल्या, कार्याला आधार देतो.

त्या दिवसापासून मी वाचत सुटले आहे. मला आधी वाटायचं की हे लोक नुकते आलेले, नवी मंडळी, हळूहळू रुजेल. प्रत्यक्षात टेक्सासातली स्पॅनिश मेथडिस्ट मंडळी आमच्या आत्ताच्या इमारतीहून कितीतरी जुनी आहे. आलेहो एर्नांदेस या मेक्सिकन माणसाला १८७१ मध्ये टेक्सासात मेथडिस्ट डीकन (चर्चमधलं एक दीक्षित पद) म्हणून दीक्षा मिळाली. त्याच्याही आधी, १८५३ मध्ये, बेनिग्नो कार्देनास या माजी कॅथलिक धर्मगुरूने सांता फे गावच्या चौकात स्पॅनिशमधून मेथडिस्ट प्रवचन केलं होतं. पुढे टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश मंडळ्यांची स्वतःची प्रादेशिक सभा झाली. १९४८ पासून तिचं नाव रिओ ग्रान्दे कॉन्फरन्स. स्वतःचे पाळक, स्वतःच्या बायकांच्या संघटना, स्वतःचा कारभार. २०१५ मध्ये ती शेजारच्या इंग्रजी कॉन्फरन्समध्ये विलीन झाली आणि रिओ टेक्सास कॉन्फरन्स उभी राहिली. लहान मंडळ्या, पाळकांचे अपुरे पगार, म्हणून एकत्र येणं भाग होतं असं काहीजण म्हणतात. पण आमच्या इथल्या वयस्कर सभासदांशी बोललं की एकच दुःख ऐकू येतं: पूर्वी सभेत उभं राहून बोलायचो, आता सभेत बसून ऐकतो.

मला हे इतकं का लागतं ते सांगते. माझे पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकले. नगरला ते मिशन १८३१ मध्ये आलं. १८५४-५५ च्या सुमाराला बोस्टनहून अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे हे मिशन चालवणाऱ्या संस्थेचे, चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचा आग्रह असा, की इथली मंडळी स्वतःचा कारभार स्वतः चालवणारी, स्वतःच्या पैशांवर उभी राहणारी आणि स्वतःच सुवार्ता पसरवणारी झाली पाहिजे. गोऱ्या मिशनऱ्याने कायम पाळक बनून बसू नये. त्याच काळात नगरला हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. म्हणजे अमेरिकेतल्या चर्चने आम्हाला दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जे दिलं, ते आज अमेरिकेतलंच माझं चर्च आपल्या शेजारच्या खोलीतल्या माणसांना देत नाही. आणि समितीत मी बसले आहे!

तर विचारायचं असं: तुमच्यापैकी कुणी अशा चर्चमध्ये आहात का, जिथे दोन भाषांच्या मंडळ्या एकत्र राहतात? काय केल्याने बदल झाला? चर्चचा संबंध नसला तरी लिहा.

---

जर्सीकर_मंडळवाला

ताई, मी ख्रिस्ती नाही, पण वाचून राहवलं नाही. भाबडा प्रश्न वाटेल, तरी विचारतो. वेगळी मंडळी हवीच कशाला? सगळे एका वेळी बसा, कानात यंत्र लावून भाषांतर ऐका. तेवढाच एसीचा खर्चही एक. वेगळं ठेवलं म्हणूनच ते पाहुणे राहिले असं नाही का?

---

नगरची_लेक

दादा, प्रश्न भाबडा नाही, आमच्या समितीत हाच पहिला निघाला.

आम्ही दोन वेळा करून पाहिलं. इस्टरला एकत्र उपासना, कानात यंत्रं. प्रवचन इंग्रजीत, गीतं इंग्रजीत, मध्ये दोन कोरितो स्पॅनिशमध्ये. भाषांतर कुणी ऐकायचं? त्यांनीच. आमच्यातल्या एकानेही यंत्र कानाला लावलं नाही. ज्याला यंत्र लावावं लागतं तो पाहुणा असतो, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आणि प्रार्थना ही भाषांतरात होत नाही हो. माझी आई शेवटच्या आजारपणात इंग्रजी उत्तम येत असूनही टिळकांचीच भजनं म्हणायची. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधी आमच्याकडे पाश्चात्त्य चालींवर बसवलेली मराठी गीतं बरीच होती. टिळकांनी अभंग-ओवीची वाट मोकळी केली आणि मराठी माणसाला वाटलं की देव आपल्या घरात आला. स्पॅनिश कोरितोंचं तसंच आहे. छोटी, पाठ झालेली, टाळ्या आणि खंजिरीवर म्हणायची गीतं. पुस्तक हातात लागत नाही. आजी म्हणते, नातू गिटारवर धरतो. भाषांतराच्या यंत्रातून ते कसं जाणार?

---

ईस्ट_रिव्हर

न्यूयॉर्कहून लिहितोय. या शहरातली एक गोष्ट तुमच्या धाग्यात असायलाच हवी.

ईस्ट हार्लेममध्ये फर्स्ट स्पॅनिश मेथडिस्ट चर्च होतं. १९६९ साली पोर्तो रिकन तरुणांची 'यंग लॉर्ड्स' ही संघटना तिथे गेली आणि म्हणाली, तुमची इमारत आठवड्यातले बहुतेक दिवस रिकामी असते, आम्हाला गल्लीतल्या मुलांसाठी सकाळची न्याहारी चालवायला जागा द्या. चर्चने नकार दिला. पाळक क्यूबातून निर्वासित होऊन आलेले, त्यांना हे तरुण कम्युनिस्ट वाटले. डिसेंबरच्या शेवटी तरुणांनी इमारतीचा ताबा घेतला. अकरा दिवस आत न्याहारी, आरोग्यतपासणी, वर्ग असं सगळं चाललं. मग पोलीस आले आणि शंभरावर लोकांना धरून नेलं.

ही गोष्ट मी का सांगतोय? 'हिस्पॅनिक' या एका शब्दात आपण सगळ्यांना कोंबतो. त्या एका दारात दोन्ही बाजूंना स्पॅनिश बोलणारेच उभे होते. एक क्यूबा सोडून आलेला. दुसरा पोर्तो रिकन, जो १९१७ पासून अमेरिकेचा नागरिकच आहे, त्याला व्हिसा-बिसा काही नको. तुमच्या टेक्सासात तर अशीही घरं आहेत जी कधी कुठून आलीच नाहीत. सीमाच त्यांच्या अंगणावरून पलीकडे गेली. ग्वातेमालाचे कित्येकजण माया भाषा बोलतात, स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा. तुमच्या दीडच्या उपासनेत कोण कोण बसतं, हे तुमच्या समितीला माहीत आहे का? आधी ते विचारा असं माझं प्रामाणिक मत.

---

नगरची_लेक

माहीत नव्हतं. तुमची पोस्ट वाचून बुधवारी पाळकबाईंना विचारलं. निम्मी घरं मेक्सिकन वंशाची, त्यातली काही चार-पाच पिढ्या टेक्सासातच. बाकी होन्डुरास, एल साल्वादोर, एक व्हेनेझुएलाचं तरुण जोडपं. त्यांच्यातही गमतीची ओढाताण असते: व्हेनेझुएलाच्या मुलीला तमालला (मक्याच्या पिठाचा पानात गुंडाळून उकडलेला पदार्थ) केळीचं पान हवं, मेक्सिकन बायकांना मक्याच्या कणसाचं साल. मला एकदम पातोळ्या आणि पानग्या आठवल्या.

---

माहीमचा_मेथडिस्ट

सलाम. मी मुंबईचा, आता निवृत्त, चर्चच्या हिशेबात आयुष्य गेलं. म्हणून पैशाचं बोलतो. कुणाला रुक्ष वाटेल, पण मंडळी पैशावरच अडते.

आमचं मुंबईचं मेथडिस्ट काम विल्यम टेलर यांनी १८७१-७२ च्या सुमाराला सुरू केलं. त्यांचं तत्त्व होतं की मंडळीने पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वर्गणीवर चालावं, बाहेरचा पैसा नको. तत्त्व चांगलं, पण ते सुरुवातीला चाललं कारण त्यांच्या मंडळीत रेल्वेतले, कचेरीतले, पगारदार अँग्लो-इंडियन आणि युरोपियन होते. तेच तत्त्व गरीब खेड्यातल्या मंडळीला लावलं की ते तत्त्व राहत नाही, ती सबब होते. तुमच्याकडेही तेच होत असणार. "त्यांनी स्वतःच्या पायावर उभं राहावं" असं म्हणणारे लोक त्या मंडळीच्या माणसांना ताशी किती मजुरी मिळते ते बघत नाहीत. छपरं घालणारा, हॉटेलात भांडी घासणारा माणूस दशमांश देतो तेव्हा तो तुमच्या डॉक्टर सभासदापेक्षा जड असतो.

मी तुमच्या जागी असतो तर तीन गोष्टी विचारल्या असत्या. पाळकबाईंचा पगार कोण देतं आणि तो किती वर्षांसाठी पक्का आहे? त्यांना आरोग्यविमा आहे का? आणि कॉन्फरन्सला जी वार्षिक वाटणी भरावी लागते, तिच्या हिशेबात स्पॅनिश मंडळीची माणसं मोजली जातात का? माणसं मोजायची, पण मत द्यायचं नाही, असं असेल तर ते चुकीचं आहे. स्पष्ट सांगतो.

---

नगरची_लेक

काका, तिन्ही प्रश्न अंगावर आले.

पगार कॉन्फरन्सचं अनुदान आणि त्यांच्या वर्गणीतून होतो. अनुदान दरवर्षी थोडं थोडं कमी होत जातं आणि पाचव्या वर्षी संपतं, या हिशेबाने की तोवर मंडळी उभी राहील. पाळकबाई अर्धवेळ, बाकी दिवस शाळेत मदतनीस. विमा त्या शाळेच्या नोकरीतून. आणि हो, वार्षिक अहवालातल्या सरासरी उपस्थितीत त्यांची साठ माणसं आम्ही आमच्यात धरतो. हे मी स्वतः हिशेबाच्या फायलीत पाहिलं. पाहून खाली मान घातली.

---

चिखलदरा_ते_शिकागो

मी ल्यूथरन आहे, पण माझी मुलगी इथल्या एका स्पॅनिश मंडळीत रविवारच्या शाळेत शिकवते, म्हणून थोडं आतलं माहीत आहे. सगळेजण स्पॅनिशवर बोलताय. मुलांचं काय?

मुलीच्या वर्गात बारा पोरं. आईबाप स्पॅनिश बोलतात, पोरं उत्तर इंग्रजीत देतात. अगदी आपल्या घरांसारखं. माझा मुलगा "आई, जेवायला काय आहे" हे सुद्धा इंग्रजीत विचारतो. तेरा-चौदा वर्षांची झाली की स्पॅनिश उपासनेत कंटाळतात, इंग्रजी उपासनेत परकी वाटतात, आणि मग कुठेच जात नाहीत. सर्वेक्षणं करणाऱ्या प्यू संस्थेचे आकडे पहा. २०१० मध्ये अमेरिकेतल्या लॅटिनो प्रौढांपैकी ६७ टक्के कॅथलिक होते, २०२२ मध्ये ४३. पण ते सगळे प्रॉटेस्टंट झाले असं नाही. इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंटांतला मोठा गट) १५ टक्क्यांच्या आसपासच राहिले. कोणताच धर्म न सांगणारे मात्र १० वरून ३० टक्क्यांवर गेले. १८ ते २९ वयात तर जवळजवळ निम्मे. म्हणजे कॅथलिकांकडून माणसं येतील आणि आपली मंडळी वाढेल, हा हिशेब आता चालत नाही.

मुलीच्या मंडळीने एक केलं: उपासना स्पॅनिशच ठेवली, पण तरुणांची शुक्रवारची बैठक दोन्ही भाषा सरमिसळ, जशी ती पोरं आपसात बोलतात तशी. कुणी व्याकरण सुधारायचं नाही. मुलींची किन्सेआन्येरा, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा, चर्चमध्ये करायला परवानगी दिली. आधी जुने लोक नको म्हणत होते, ती कॅथलिक रीत आहे म्हणून. आता त्या दिवशी सगळं नातं-गोतं येतं, एरवी चर्चची पायरी न चढणारे मामा-काकाही येतात.

शिकागोचं आणखी एक सांगते. इथल्या आदालबेर्तो मेथडिस्ट चर्चमध्ये २००६-०७ मध्ये एल्विरा अरेयानो ही मेक्सिकन आई हद्दपारीपासून वाचण्यासाठी वर्षभर राहिली, आपल्या लहान मुलासकट. छोटी, दुकानासारख्या जागेतली मंडळी. मोठ्या इमारतींना जे झेपलं नसतं ते तिने पेललं. त्यामुळे "त्यांना विकसित करायचं" असं आपण म्हणतो तेव्हा मला जरा खटकतं.

---

वाचक_पुणे

मी पुण्यात धर्मशास्त्र शिकवत होतो. चर्चा चांगली चालली आहे. एक बाजू राहिली: पाळक येणार कुठून?

युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या सर्वसाधारण सभेने १९९२ मध्ये हिस्पॅनिक कार्याची राष्ट्रीय योजना मंजूर केली. तिच्यातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे 'मिसिओनेरो लाइको', म्हणजे दीक्षा न घेतलेला, त्याच वस्तीतला, कामधंदा सांभाळणारा माणूस किंवा बाई. त्यांना शिक्षण द्यायचं आणि एका पाळकाच्या जोडीने कामाला लावायचं. आपल्याकडच्या बायबल वुमन आठवा. नऊवारी नेसून, पुस्तकं पिशवीत घालून वाडी-वस्तीवर फिरणाऱ्या. दीक्षा नव्हती, पण मराठी मंडळी मोठ्या प्रमाणात त्यांनीच उभी केली. अशा लोकांना पुढे पाळकपदाची वाट खुली राहिली नाही, तर मात्र ते कायमचे बिनपगारी राबत राहतात. नगरच्या ताई, तुमच्याकडे अशी माणसं असतील तर त्यांच्या अभ्यासाचा खर्च तुमच्या मंडळीने उचलावा. डॅलसच्या पर्किन्स धर्मविद्यालयात स्पॅनिशमधून अभ्यासक्रम आहे. एल पासोला १९१३ मध्ये लिडिया पॅटरसन इन्स्टिट्यूट ही शाळा सुरू झाली. तिथली कित्येक मुलं रोज सकाळी सीमेपलीकडच्या मेक्सिकोतल्या हुआरेसहून पूल ओलांडून शाळेत यायची. उद्याचे पाळक अशाच ठिकाणी घडतात.

हुस्तो गोन्सालेस हे क्यूबन-अमेरिकन मेथडिस्ट इतिहासकार. त्यांचं नाव मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो. चर्चचा इतिहास लिहिणारा एवढा मोठा माणूस, पण त्याने आयुष्याचा मोठा भाग पुढच्या पिढीतल्या लॅटिनो अभ्यासकांसाठी संस्था उभारण्यात घालवला. हिस्पॅनिक धर्मशिक्षणाची संघटना, उन्हाळी वर्ग, डॉक्टरेटसाठी शिष्यवृत्त्या. पाळक घडवायला पंधरा-वीस वर्षं लागतात. पाच वर्षांत संपणाऱ्या अनुदानाने ते होत नाही.

परदेशातून पाळक आणायचा विचार कुणी मांडला, तर धार्मिक कामाच्या आर-१ व्हिसाची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची असते आणि मार्च २०२३ पासून त्या वर्गातल्या ग्रीन कार्डाची रांग फार लांबली आहे, हे लक्षात ठेवा. माणूस रुजेपर्यंत परत जायची वेळ येते. भारतातून गेलेल्या माझ्या दोन विद्यार्थ्यांनी हे भोगलं आहे.

---

जर्सीकर_मंडळवाला

माझा पहिला प्रश्न मागे घेतो. आमच्या मराठी मंडळाला इथल्या एका मोठ्या भारतीय संस्थेच्या सभागृहात गणपती बसवायला दरवर्षी अर्ज करावा लागतो, अनामत ठेवावी लागते, आणि कार्यकारिणीत आमचा एकही माणूस नाही. मी त्याच गोष्टीवर चार वर्षं भांडतोय. वाचताना जोड लागली नव्हती.

---

नगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आमच्या समितीची बैठक झाली, ती कशी झाली ते लिहिते.

मी काकांचे प्रश्न आणि पुण्याच्या सरांचा मुद्दा इंग्रजीत मांडला. मागणी एकच ठेवली: विश्वस्त समितीत आणि वित्त समितीत स्पॅनिश मंडळीच्या दोन-दोन जागा, पूर्ण मताच्या. निरीक्षक म्हणून नाही. एकजण म्हणाले, "पण ते वेगळी मंडळी आहेत." मी उपस्थितीचा अहवाल पुढे केला, जिथे त्यांची साठ माणसं आमच्या आकड्यात आहेत. मग कुणी बोललं नाही. खूप वेळ. आमच्या अध्यक्षबाई ऐंशीच्या घरातल्या, गोऱ्या, टेक्सासातच जन्मलेल्या. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या की एक तर हा आकडा खोडा, नाही तर या माणसांना खुर्च्या द्या. ठराव सातास दोन मतांनी झाला. डिसेंबरच्या वार्षिक सभेत पक्का व्हायचा आहे.

पाळकबाईंच्या पगाराचं झालं नाही. अनुदान संपल्यावर आमच्या अंदाजपत्रकातून त्यांचा विमा भरावा, ही मागणी पुढच्या बैठकीवर गेली. मी सोडणार नाही.

आणखी एक. जानेवारी २०२५ मध्ये प्रार्थनास्थळांत कागद नसलेल्या स्थलांतरितांवर कारवाई टाळण्याचं सरकारचं जुनं धोरण मागे घेतलं गेलं, तेव्हापासून दीडच्या उपासनेची माणसं कमी झाली आहेत. साठाची चाळीस. कागद असलेले सुद्धा येत नाहीत, कारण घरात कुणाचे तरी नसतात. त्या मंडळीने इंटरनेटवरचं थेट प्रक्षेपण बंद केलं, बाजूच्या दाराशी दोन माणसं उभी राहतात. मी आणि माझा नवरा आता महिन्यातले दोन रविवार त्या दाराशी उभे राहतो. स्पॅनिश फार येत नाही. "दिओस ले बेन्दिगा" (देव तुमचं भलं करो) म्हणतो आणि दार उघडतो. मागच्या बाकावरच्या आजी दर वेळी माझा हात दोन्ही हातांत धरतात.

शनिवारी तमाल करायला बोलावलंय. नाताळच्या विक्रीसाठी साठ डझन करायचे आहेत, पैसे तरुणांच्या शिबिराला. मक्याचं पीठ चरबीत फेटून फेटून एवढं हलकं करायचं की त्याची गोळी पाण्यात टाकली तर तरंगली पाहिजे. मागच्या वर्षी माझी बुडाली होती. स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यांच्या कपाटाला आमच्या बायकांच्या मंडळाचं कुलूप असतं. त्याची दुसरी किल्ली काल बैठकीनंतर हार्डवेअरच्या दुकानातून करून आणली. शनिवारी नेऊन देते.

---

माहीमचा_मेथडिस्ट

एसीच्या झाकणाची पण एक करून घ्या.

---

नगरची_लेक

काका, ते झाकण सप्टेंबरातच काढलं. भिंतीवर चार स्क्रूची भोकं दिसतात, ती बुजवायची राहिली आहेत.